कर्ज विभागातल्या क्लार्कचा पगार : हातात किती, पुरतो किती

‘बँकेत कर्ज विभागात लागलोय’ असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: पंख्याखालचे टेबल, महिन्याच्या शेवटी खात्यात पडणारा पगार आणि स्वस्त दराचे घरकर्ज. प्रत्यक्षात महाराष्ट्रात याच पदनामाखाली महिना दहा-बारा हजारांवर काम करणारी माणसे आहेत आणि चाळीस हजारांच्या पुढे मिळवणारीही आहेत. काम मात्र बरेचसे सारखेच. अर्ज घ्यायचा, केवायसी बघायची, सात-बारा, आठ-अ आणि फेरफार जुळवायचे, जामीनदारांच्या पगारपत्रकांवरचे शिक्के तपासायचे, सिबिल काढायचे, कर्ज उपसमितीपुढे टिपण ठेवायचे, मंजुरीनंतर वचनचिठ्ठी आणि हमीपत्र भरून घ्यायचे, इतर हक्कात बोजा चढला का ते पाहायचे. आणि जानेवारी उजाडला की थकबाकीदारांची यादी घेऊन निघायचे.

म्हणून नोकरी शोधणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी ‘क्लार्कला पगार किती?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी संस्था कोणती ते पाहावे. मग पगारपत्रकातला मूळ पगार किती, कपाती कोणत्या आणि नोकरी कुठे राहून करायची, हे पाहावे. एकूण पगाराचा आकडा यांतल्या कशाचेच उत्तर देत नाही.

सरकारी बँकेचा कागद

सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांचे वेतन इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या द्विपक्षीय करारातून ठरते. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला गेला. त्यानुसार लिपिकवर्गाची वेतनश्रेणी २४,०५० पासून सुरू होऊन ६४,४८० रुपयांवर संपते. आधीच्या करारात ती १७,९०० ते ४७,९२० होती. हे आकडे मूळ पगाराचे आहेत, हातात पडणाऱ्या रकमेचे नव्हेत. आता ‘क्लार्क’ हे नावही जाहिरातीत दिसत नाही. आयबीपीएसच्या जाहिरातीत ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असते, स्टेट बँकेत ‘ज्युनिअर असोसिएट’.

पदवीधराच्या दोन जादा वेतनवाढी धरून मूळ पगार २६,७३० होतो. एक हिशेब मांडून पाहू. त्यावर साडेसव्वीस टक्के विशेष भत्ता, म्हणजे सुमारे ७,०८०. या दोन्हींवर महागाई भत्ता. तो दर तीन महिन्यांनी ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलतो. सोयीसाठी २० टक्के धरला तर सुमारे ६,७६०. घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या साधारण दहा टक्के, म्हणजे २,७०० च्या आसपास. बेरीज त्रेचाळीस हजारांच्या वर जाते. वाहतुकीसारखे किरकोळ भत्ते मिळून चव्वेचाळीस हजारांपर्यंत पोचते. स्टेट बँक आपल्या जाहिरातीत मुंबईसारख्या महानगरात सुरुवातीचे एकूण वेतन सुमारे ४६,००० सांगते, ते याच हिशेबाच्या जवळचे आहे.

आता कपाती. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना जुने पेन्शन नाही. त्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के एनपीएसला जातात, वरच्या हिशेबात तीन हजार तीनशेच्या आसपास. बँक स्वतःचे चौदा टक्के घालते, पण ते पैसे आत्ता घरखर्चाला येत नाहीत. व्यवसाय कर महिना २००, फेब्रुवारीत ३००. युनियनची वर्गणी, कल्याण निधी. प्राप्तिकराची चिंता सध्या नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही आणि पगारदाराला वर ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे. मिळून हातात चाळीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे राहतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरकारी बँकेत ‘कर्ज क्लार्क’ म्हणून वेगळी भरती होत नाही. आज रोख काउंटर, उद्या पासबुक, परवा कर्जाच्या फायली. मोठ्या कर्जांची छाननी आता शाखेत कमी आणि विभागीय प्रक्रिया केंद्रात जास्त होते, आणि तिथे बहुतेक अधिकारी बसतात. ज्याला आपण कर्ज क्लार्क म्हणतो, तो खऱ्या अर्थाने आज सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत सापडतो.

ग्रामीण बँकांचा पगार सार्वजनिक बँकांच्या बरोबरीने चालतो, हे अनेकांना माहीत नसते. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र होऊन राज्यात एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक राहिली आहे. तिथले ऑफिस असिस्टंटचे पद आयबीपीएसच्या वेगळ्या परीक्षेतून भरले जाते. तालुक्याच्या गावात राहून सार्वजनिक बँकेइतका पगार मिळावा, असे ज्याला वाटते त्याने ही परीक्षा आधी द्यावी. माझ्या मते कर्जाचे काम आवडणाऱ्यासाठी राज्यातली ही सगळ्यात चांगली खुर्ची आहे.

जिल्हा मध्यवर्ती बँकांचे गणित जिल्ह्यागणिक बदलते. काही बँका सुस्थितीत आहेत आणि तिथला जुना लेखनिक सरकारी बँकेच्या तोडीचा पगार घेतो. काहींची पीककर्जाची थकबाकी इतकी वाढली की भरतीच वर्षानुवर्षे थांबली. जाहिरात निघाली तर तिच्यातली वेतनश्रेणी वाचा, आणि त्याबरोबर बँकेच्या वार्षिक अहवालातला एनपीएचा टक्काही वाचा. पहिल्या आकड्याचे भवितव्य दुसऱ्यावर असते. नागरी सहकारी बँकांत मोठ्यांचे वेतन करार आहेत. छोट्यांमध्ये नवा लेखनिक पंधरा ते पंचवीस हजारांत कुठेतरी बसतो.

पतसंस्थेचा कागद

खरी अडचण इथे आहे आणि बहुतेक वाचकांचा प्रश्नही इथलाच असणार. तालुक्याच्या ठिकाणची नागरी पतसंस्था किंवा बिगरशेती ग्रामीण पतसंस्था नव्या पदवीधराला दहा ते पंधरा हजारांवर घेते. कुठलाही करार नसतो. वेतनवाढ संचालक मंडळाच्या मासिक सभेत ठरते आणि ‘यंदा सगळ्यांना पाचशे’ अशा भाषेत ठरते. दिवाळीला एक पगार बोनस मिळाला तर संस्था चांगली समजायची.

सोळा हजार पगाराचे एक नमुना पत्रक घ्या. मूळ पगार ६,०००. महागाई भत्ता २,०००. पुढे घरभाडे, प्रवास, धुलाई, विशेष, इतर अशा पाच-सहा ओळींत मिळून ८,०००. अशा तुकड्यांचे कारण साधे आहे: भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर काढली जाते. आठ हजारांवर बारा टक्के म्हणजे ९६० रुपये पीएफ. वीस वर्षे नोकरी करून शेवटी हाच पाया राहिला, तर ग्रॅच्युइटी ८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २० वर्षे, म्हणजे ९२,३०८ रुपये. पाया सोळा हजारांचा असता तर १,८४,६१५ झाले असते. दोन्ही पत्रकांवर दर महिन्याची बेरीज सोळा हजारच दिसते, आणि पहिल्या दिवशी फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेची व्याख्या सांगते की, ठरावीक वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. आपल्या नमुन्यात भत्ते नेमके निम्मे आहेत. ते अपघाताने झालेले नसते, संस्थेचे लेखापरीक्षकही वर्तमानपत्र वाचतात. पण ज्यांच्या पत्रकात मूळ पगार तीन-चार हजार आणि बाकी सगळे ‘इतर’ आहे, त्यांनी ही व्याख्या संस्थेच्या सचिवांपुढे शांतपणे ठेवावी. वेतन संहितेत किमान वेतनाचा हक्क सगळ्या आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांना आहे. राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो. ताजा आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मिळतो. करारावर, ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्यांना आता एका वर्षानंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. बाकीच्यांना पाच वर्षांची अट कायम आहे.

ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर ती कपात कुरकुर न करता होऊ द्या. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्याला ती लागू होते आणि सोळा हजारांवर कर्मचाऱ्याचा वाटा फक्त १२० रुपये. त्यात पत्नी, मुले आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार येतात. या पगारात खासगी आरोग्य विम्याचा हप्ता झेपत नाही. पीएफ असेल तर त्याला जोडलेला ईडीएलआय विमाही असतो, नोकरीत असताना मृत्यू झाल्यास सात लाखांपर्यंत. वारस नोंदवलेला नसेल तर ते पैसे मिळवायला घरच्यांना हेलपाटे घालावे लागतात, म्हणून ई-नॉमिनेशन आजच करून टाका. महिलांना व्यवसाय कर महिना पंचवीस हजारांपर्यंत नाही. तरी काही संस्था सवयीने २०० कापत राहतात, पत्रक तपासा.

मग पेट्रोल. कर्ज विभागातला लेखनिक टेबलावर बसून राहत नाही. तारण दिलेल्या घराची स्थळपाहणी, जामीनदाराची भेट, थकबाकीदाराच्या दारात तिसरी फेरी. दिवसाला तीस किलोमीटर धरले आणि महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस, तर ७५० किलोमीटर होतात. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणारी गाडी असली तरी जवळपास सतरा लिटर. शंभराच्या वरच्या दराने सुमारे १,७५० रुपये. सोळा हजारांच्या पगाराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त रक्कम संस्थेच्या कामासाठी तुमच्या खिशातून जाते, आणि टायर, ऑइल, चेन वेगळेच. पगारपत्रकात ‘प्रवास भत्ता ५००’ असे लिहिलेले असते म्हणून संस्थेला वाटते आपण पेट्रोल देतो. मुलाखतीत पगारावर घासाघीस करायची हिंमत होत नसेल तर निदान एवढे विचारा: वसुलीच्या फेऱ्यांचे पेट्रोल किलोमीटरवर मिळेल का, आणि त्याची नोंदवही कोण ठेवेल? हा खर्च व्हाउचरवर मिळाला तर तो पगारवाढीइतकाच आहे.

खासगी वित्तसंस्था आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांबद्दल थोडक्यात. तिथे पंधरा ते बावीस हजार पगार आणि वर इन्सेन्टिव्ह, पण इन्सेन्टिव्ह वसुलीच्या टक्क्याला बांधलेला असतो. एखाद्या गावाने हप्ते थांबवले की तो शून्यावर येतो. म्हणून घरखर्च आखताना इन्सेन्टिव्ह धरूच नका. आणि लक्षात असू द्या: मायक्रोफायनान्स सोडून इतर कर्जांच्या वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. साहेब रात्री नऊला ‘अजून एक व्हिजिट मार’ म्हणत असतील तर तक्रार झाल्यावर नाव तुमचे येणार आहे.

सोळा हजार आणि चाळीस हजार

आता दोन घरे. दोन्ही उदाहरणादाखल.

पहिले तालुक्याच्या गावातले. पगार सोळा हजार, पीएफ, व्यवसाय कर आणि ईएसआयसी जाऊन १४,७२०. पेट्रोल वजा केले की १२,९७०. घर वडिलोपार्जित, म्हणजे भाडे नाही. चार माणसांचा किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून साडेसात हजार. वीज आणि मोबाइलचे रिचार्ज तेराशे. मुलाची शाळा आणि शाळेची व्हॅन बावीसशे. अकरा हजार संपले. उरलेल्या दोन हजारांच्या आत दवाखाना, कपडे, आहेर आणि सणवार. शेत असेल आणि त्यातून वर्षाचे धान्य येत असेल तर घर चालते. शेत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कमाईवर चालते. एकट्या पगारावर ते चालत नाही, हे लग्न ठरवताना दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोलावे.

दुसरे घर परभणी किंवा लातूरकडच्या, मुंबईत शाखा मिळालेल्या एका मुलाचे. हातात चाळीस हजारांच्या जवळपास. शाखा फोर्टात, खोली बदलापूरला. भाडे दहा हजार, पण पगारातला घरभाडे भत्ता २,७०० च्या आसपास. फरक त्याच्या खिशातून. आधी डिपॉझिट, वर दलालाचे एक भाडे, आणि अकरा महिन्यांनी करार नवा करताना बहुधा पुन्हा तेच. लोकलचा पास स्वस्त आहे, पण रोजचे तीन-साडेतीन तास गाडीत जातात. जेवणखाण नऊ हजार, रिक्षा-पास दीड हजार, वीज-मोबाइल हजार, गावी आईवडिलांना आठ हजार. दहा हजारांच्या आसपास उरतात. एकट्याला हे चांगलेच आहे. लग्न झाले, मूल झाले आणि पत्नीची नोकरी सुटली की याच चाळीस हजारांत ओढाताण सुरू होते. म्हणून मुंबईत शाखा मिळालेल्यांना मी सांगतो: उरणाऱ्या दहा हजारांतले सहा-सात पहिल्या तीन वर्षांत बाजूला पडले पाहिजेत, कारण ही उसंत पुन्हा मिळत नाही.

दोन्ही घरांत महिनाअखेरीचा सगळ्यात मोठा शत्रू एकच, आणि तो याच टेबलावरून येतो. कर्ज विभागातल्या माणसाला कर्ज फार लवकर मिळते. फॉर्म त्याच्या ड्रॉवरमध्ये असतो, जामीनदार शेजारच्या खुर्चीवर असतो. नोकरी लागून वर्ष झाले की बुलेट, दोन वर्षांत फ्लॅटचे बुकिंग, मधे सोसायटीचे तातडीचे कर्ज, सणाची उचल. मी अशी पगारपत्रके पाहिली आहेत, ज्यांत एकूण रकमेचा रकाना भरदार आणि ‘निव्वळ देय’ चार आकडी. तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता ६,६७३. वीस लाखांचे घरकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षे, हप्ता १७,३५६. दोन्ही मिळून चोवीस हजार. चाळीस हजारांतून चोवीस गेले तर उरलेल्यावर मुंबईत भाडे भरून महिना काढताच येणार नाही.

सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली सभासदाने करार करून दिला की पतसंस्थेचा हप्ता थेट पगारातून कापता येतो. पूर्वी सहकारी संस्थांची देणी असली तर एकूण कपात पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होती. वेतन संहितेने ती मर्यादा पगाराच्या निम्म्यावर आणली आहे. पण कायद्याची मर्यादा ही मुभा समजू नका. माझे मोजमाप सोपे आहे: घरकर्जासह सगळे हप्ते निव्वळ पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसले पाहिजेत. इतरांना कर्ज देताना आपण परतफेडीची क्षमता तपासतो, तोच तक्ता स्वतःच्या नावाने भरून बघा. आपला अर्ज आपणच नामंजूर केला असता का?

कर्मचाऱ्यांना स्वस्त दराने मिळणारे घरकर्ज मात्र घेण्यासारखे असते. सरकारी बँकांत ते बाजारापेक्षा बरेच कमी व्याजाने, सरळव्याजाच्या हिशेबाने मिळते. त्यातल्या सवलतीवर प्राप्तिकर लागू शकतो आणि तो आकारणे योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितले आहे. तरीही हे कर्ज फायद्याचेच राहते. फक्त एक अट आहे. नोकरी सोडली की सवलत जाते. चार वर्षांत दुसरीकडे जायचा विचार असेल तर हिशेब बाजारदराने करा.

बचत दुसरीकडे, सही जपून

पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत काम करणाऱ्यांची पगाराची बचत, आईची ठेव, सासऱ्यांची निवृत्तीची रक्कम हे सगळे त्याच संस्थेत असते. अर्धा टक्का जास्त व्याज मिळते, शिवाय ‘ठेवी वाढवा’ असा वरून दट्ट्या असतो. संस्था अडचणीत आली तर नोकरी आणि बचत एकाच दिवशी जाते. हे काल्पनिक भय नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विमा तरी आहे. पतसंस्थेच्या ठेवींना तोही नाही. तेव्हा पगार संस्थेच्या खात्यात येऊ द्या, पण शिल्लक टाकायला पोस्ट किंवा मोठी बँक निवडा.

नोकरी देताना काही संस्था ‘अनामत’ म्हणून वीस-पंचवीस हजार मागतात, किंवा संचालकांच्या ओळखीच्या कर्जाला तुम्हाला जामीन राहायला सांगतात. अनामतीची पावती आणि परतीची अट लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. जामीन राहायला स्वच्छ नकार द्या. नोकरी गेली तरी चालेल असे मी म्हणत नाही, पण जामिनाच्या सहीने नोकरीपेक्षा जास्त काही जाऊ शकते. कर्जदाराने हप्ते थकवले की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला जामीनदारावरही निघतो आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी तुमच्या दारी येतो.

कर्ज टिपणावरची सहीही तशीच. गैरव्यवहार उघडला की सहकार खात्याची कलम ८३ ची चौकशी लागते, पुढे ८८ ची. त्यात नुकसानीची रक्कम माणसांच्या नावावर निश्चित होते. संचालक आणि व्यवस्थापकांबरोबर कधी कर्मचारीही त्या यादीत येतात. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा तर व्यवहार चालवण्यास जबाबदार ‘कर्मचाऱ्या’चा उल्लेखच करतो. कागद अपुरे असताना ‘साहेबांनी सांगितले’ म्हणून फाइल पुढे ढकलायची वेळ आली तर टिपणात एक ओळ लिहा: ‘मूल्यांकन अहवाल व सर्च रिपोर्ट प्राप्त नाही.’ खाली तारीख. सोळा हजारांच्या नोकरीत चाळीस लाखांची जबाबदारी घ्यायची नसेल तर ही ओळ लिहायची सवय लावावीच लागते. वरच्या कमाईबद्दल लोक बोलतात. कर्ज मंजूर झाल्यावर कोणी पाकीट पुढे करतोही. ज्याने ते घेतले त्याला पुढच्या अपुऱ्या फाइलवर अशी ओळ लिहिता येत नाही.

पुढची पायरी

पतसंस्थेतली चार-पाच वर्षे वाया जात नाहीत, त्यांचा वापर केला तर. सहकार आयुक्तालयाची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा पदवीधराला नोकरी करता करता देता येते. सहकारी बँकांत तिला मान आहे आणि पुढे लेखापरीक्षणाचे काम मिळू शकते. बँकेत लागलेल्यांनी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा द्याव्यात. त्यांवर जादा वेतनवाढी मिळतात आणि अधिकारी होण्याच्या परीक्षेलाही तोच अभ्यास उपयोगी पडतो. अधिकाऱ्याचा सुरुवातीचा मूळ पगार ४८,४८० आहे, क्लार्कच्या जवळपास दुप्पट.

आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला वय २० ते २८ आणि कोणतीही पदवी चालते, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. मुलाखत नाही. अर्ज एकाच राज्यासाठी करता येतो आणि स्थानिक भाषेची चाचणी असते, म्हणजे महाराष्ट्राच्या जागांसाठी मराठी यायलाच हवी. परीक्षाही मराठीतून देता येते. आपल्याकडची बरीच मुले इंग्रजीच्या भीतीने अर्जच भरत नाहीत. त्यांनी निदान एवढे वाचून तरी भरावा. इंग्रजी भाषेचा विभाग असतो खरा, पण बाकीचा पेपर आपल्या भाषेत सोडवता येतो.

तयारीच्या काळात एक पथ्य पाळा. क्लासची फी, पुस्तके, पुण्यातली कॉट-बेसिस खोली यांसाठी मोबाइल ॲपवरून पाच-दहा हजार उचलायचे आणि हप्ता चुकवायचा, असे अनेक जण करतात. बँका रुजू करून घेताना उमेदवाराचा पतइतिहास पाहतात. स्टेट बँकेच्या जाहिरातीत कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला उमेदवार अपात्र असल्याचे लिहिलेले असते. तशा कारणाने नियुक्ती रद्द केली, तर ते योग्य आहे असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. दुसऱ्यांचे सिबिल काढणाऱ्याने वर्षातून एकदा स्वतःचेही काढावे, ते मोफत मिळते. चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त व्हायला वेळ लागतो. निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आणि निवड झाली, पतसंस्था सोडायची वेळ आली, तर राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी निघून जाऊ नका. तुमच्या ताब्यातल्या सगळ्या कर्ज फायलींची यादी करा: खाते क्रमांक, कर्जदार, मूळ कागदपत्रे कोणती, गहाणखत कुठे, सोनेतारणाची पाकिटे असतील तर त्यांचे सील आणि वजन. घेणाऱ्याची सही आणि शाखाधिकाऱ्याचा शिक्का दोन प्रतींवर घ्या, एक तुमच्याकडे ठेवा. अनुभवाचा दाखला, ना-देणे पत्र, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके घ्या. पीएफचा युएएन तोच चालू ठेवा, पैसे काढू नका. जिथे पीएफ लागू असेल अशा नव्या नोकरीत तो वर्ग होतो. ज्यांच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात त्यांची नावे त्या दिवशी पुन्हा एकदा बघा आणि शक्य असेल तिथे दुसरा जामीनदार देऊन स्वतःचे नाव लेखी काढून घ्या.